न्हाणीमागचं वावर

माझ्या साडूंना लहान असं काही करताच येत नाही. पाव, अर्धा, पाऊण ही मापं देवानं त्यांच्या हातात दिलीच नाहीत. थेट पोतं दिलं. माझ्या बायकोनं एकदा फोनवर आपल्या बहिणीजवळ सहज म्हटलं, की इथली तूरडाळ काही नीट शिजत नाही. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात आमच्या दारापुढं टेम्पो उभा, आणि त्यातून डाळीचे कट्टे असे उतरायला लागले की शेजारच्यांना वाटलं, आम्ही किराणा दुकान टाकतोय. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात भेटायला आले ते संत्र्यांची क्रेट खांद्यावर घेऊन. सगळ्या वॉर्डानं संत्री खाल्ली, नर्सबाईंनी खाल्ली, गेटवरच्या चौकीदारानं दोन खिशात घातली. संत्रं खायची मनाई असलेला त्या मजल्यावर मी एकटाच होतो. साडू माझ्या पायथ्याशी बसून एकेक फोड तोंडात टाकत म्हणत होते, "गोड आहेत बरं, साडूभाऊ. तुम्ही बरे झाले की आखीन आणतो." पुन्हा ते आले तेव्हा मी बरा झालो होतो, आणि संत्र्यांचा हंगाम संपला होता, म्हणून त्यांनी कलिंगडं आणली. किती, ते विचारू नका. आम्ही ती गल्लीत वाटली, आणि शेवटी गल्लीच आमचं दार टाळायला लागली.

मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमापासून जवळच त्यांचं गाव. काळीभोर जमीन, पन्नास एकरांच्या आसपास. सोयाबीन, तूर, हरभरा, थोडी कपाशी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे राहून, कमरेवर हात ठेवून, पाच एकरांच्या शेताला ते "हा एवढुसा तुकडा" म्हणतात. आमच्या भागातल्या पुष्कळ मोठ्या कास्तकारांसारखं त्यांचंही होतं: वावरात सोयाबीन क्विंटलनं, पण कोथिंबिरीची जुडी आठवडी बाजारातून. भाजीपाल्याला ते "चिल्लर पीक" म्हणत. माझी आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही ताई म्हणतो, लग्न झाल्यापासून म्हणत आली होती, की घरामागं चार वांगी, दोन वेल लावू या. त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं. "पन्नास एकराचा धनी वांग्याच्या झाडाजवळ बसला तर लोक काय म्हनतीन?"

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी त्यांची नातवंडं गावात राहायला आली. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तिथं घर बदलायचं होतं, नवं घर तयार होईना, म्हणून सून आणि दोन्ही पोरं वर्षभरासाठी गावी. मोठी स्वरा, तिसरीत. धाकटा ओम, अजून बालवाडीत. स्वरा पुण्याची भाषा बोलायची, पायात मोजे घालून अंगणात फिरायची, आणि प्रश्न असे विचारायची की साडू आधी घसा खाकरून घ्यायचे.

एक दिवस दुपारी शाळेतून आली आणि जेवायला बसलेल्या आबांच्या, म्हणजे साडूंच्या समोर उभी राहिली.

"आबा, आपण शेतकरी आहोत ना?"

"म्हंजे? पंचक्रोशीत इचार कोणालेही."

"बाईंनी आज विचारलं, घरच्या शेतातल्या कोणत्या भाज्या तुम्ही खाता. वैष्णवीनं पालक, शेपू, चुका, वाल, दोडकं, सगळं सांगितलं. मला एकसुद्धा सांगता आली नाही." तिनं शांतपणे विचारलं, "मग आपण कशाचे शेतकरी?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताई सांगते, साडूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि ते उठले. आजवर ते अर्ध्या ताटावरून एकदाच उठले होते, बैल विहिरीत पडला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पाणी तापवत होती, तर अंगणात ट्रॅक्टर घरघरला. घराच्या मागं, न्हाणी आणि गोठा यांच्या मधे एक जागा आहे. दोन बाजा टाकल्या तर तिसरीला जागा उरत नाही, एवढी. ती नांगरायला साडूंनी ट्रॅक्टर आणला होता. लोकांनी त्यांना सांगून पाहिलं, की कुदळीनं घटकाभराचं काम आहे. पण कुदळ हे हत्यार त्यांच्या लेखी चिल्लर. ट्रॅक्टर पुढं गेला, मागं आला, फाळ खाली टाकायला जरा वळला आणि न्हाणीचा पत्र्याचा आडोसा उभाच्या उभा आडवा झाला. नशिबानं आत कोणी नव्हतं. नुसती बादली उघडी पडून उन्हात चमकत राहिली. ताई बाहेर आली. तिनं बादलीकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"आता आंघोळ काय गाव पाहीन तशी करू?" ती म्हणाली.

साडू खाली उतरले आणि कुदळ घेऊन आले.

जमीन खणायला मग पोरं आली. स्वरा, ओम आणि शेजारची वैष्णवी, शाळेत सगळ्या भाज्यांची नावं सांगणारी. ओमकडं दगड वेचायचं काम होतं. तो एक दगड वेचायचा, गोठ्यापलीकडं नेऊन ठेवायचा, त्याला "बस इथंच" म्हणायचा आणि मग दुसऱ्यासाठी परत यायचा. साडू धुऱ्यावर उभे राहून मजुरांच्या टोळीला द्यावेत तसे हुकूम देत होते. वाफे झाले. एकात मेथी, एकात पालक, कडेनं मुळे, गोठ्याच्या भिंतीला वाल आणि मधे वांग्याची रोपं. आपल्या स्वभावाप्रमाणं त्यांनी मेथीचं सगळं पाकीट एका वाफ्यात ओतलं. मेथी उगवली ती गालिचा अंथरावा तशी, मुंगीलासुद्धा आत शिरायला वाट नाही. इथवर सगळे हसत होते.

मग त्यांनी खत घातलं. कोणाला न विचारता, सकाळी सकाळी, मुठी भरभरून, सोयाबीनच्या वावरात घालतात त्या हातानं. चार दिवसांत वांग्याची रोपं पिवळी पडून माना टाकून निजली. पालकाची पानं कडेनं करपली. पोरं शाळेतून आली आणि दप्तरं न काढता वाफ्याशी उभी राहिली.

"झाडं मेली, आबा," वैष्णवी म्हणाली.

ओमनं भोकाड पसरलं. स्वरा रडली नाही. तिनं एक रोप बोटानं उचलून धरलं, ते परत पडलं.

"काय घातलं होतं?"

"खत, बेटा. चांगलं असते ते."

"किती?"

"घातलं... आपल्या अंदाजानं."

"आबा, तुमचा अंदाज मोठ्या वावराचा आहे," ती म्हणाली. आणि मग तिचे डोळे भरून आले.

साडू उकिडवे बसले. आपल्या धोतराच्या सोग्यानं त्यांनी ओमचं नाक पुसलं आणि म्हणाले, "चुकलं बापा माझं." हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं. स्वयंपाकघरातून ताई हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आली. तिला वाटलं, घरात कोणी परका माणूस आलाय. त्या घरात तिनं संसाराची एवढी वर्षं काढली, पण ते शब्द त्या आवाजात कधी ऐकले नव्हते.

त्या दिवसापासून न्हाणीमागच्या वावराची मालकीण स्वरा झाली. ताईला विचारून तिनं नवं बी टाकलं, रोपं तयार केली, गोठ्यातलं कुजकं शेणखत वैष्णवीच्या मदतीनं वाटी-वाटीनं घातलं. आबांना कामं नेमून मिळाली. पाणी घालायचं, पण पाइपनं नाही, तांब्यानं. तण काढायचं, पण आधी दाखवायचं, की हे तणच आहे ना. पन्नास एकरांचा धनी सकाळी शाळेआधी तांब्या घेऊन उभा राहायचा आणि तिसरीतली पोरगी बोटानं दाखवायची, "इथे. आता इथे. बस." गावात पारावर लोक मजा करायचे. कोणी विचारायचं, "काय हो, यंदा किती एकर वांगे?" साडू न लाजता सांगायचे, "आमाले काय माहीत? मालकीनबाईले इचारा. आपन तर पान्यावर हाओ."

खरं सांगतो, हे सगळं मला आधी फोनवरूनच कळत होतं आणि मला ते काही दिवसांचं खूळ वाटत होतं. पण फोन थांबेनात. "साडूभाऊ, वालाले फूल आलं!" "साडूभाऊ, वांग्याच्या एका पानाले भोकं पडले, पन बाकीचं झाड एकदम टनटनीत!" मी बँकेत रांगेत उभा असलो तरी हे सगळं ऐकून घ्यावं लागे, आणि मी नुसतं "हो का" म्हटलं तर ते नाराज होत. "हो का काय? फूल आलं म्हनतो!" मग मी रांगेतल्या लोकांसमोर मोठ्यानं म्हणायचो, "वा! वालाला फूल आलं!" आणि पुढचा माणूस वळून बघायचा.

पहिला मुळा निघाला तेव्हा ते स्वतः एसटीनं बुलढाण्याला आले. घरी चारचाकी आहे, पण वाटेत लोकांना दाखवता यावा म्हणून एसटी. मुळा ओल्या रुमालात गुंडाळलेला होता. त्यांनी तो कंडक्टरला दाखवला, शेजारच्या म्हातारीला दाखवला, आमच्या घरी येईपर्यंत मुळ्याची शेंडी लोकांनी हाताळून मऊ केली होती. मुळा तसा बरा होता. बाजारात याहून चांगले मिळतात, हे मी मनातच ठेवलं. माझी बायको विळी घेऊन बसली, तर ते ओरडले, "थांब थांब! पयले फोटू काढा. पोरगी पाहीन." फोटो काढला. मग चिरताना ते विळीकडं अशा नजरेनं पाहत होते, की माझ्या बायकोनं एक चकती त्यांच्यापुढं आणि एकच माझ्यापुढं ठेवली. उरलेला मुळा तिनं परत रुमालात गुंडाळून दिला. पित्त होतं म्हणून डॉक्टरांनी त्यांना मुळा बंद केलाय. त्यांनी ती चकती डोळे मिटून खाल्ली.

वांग्यांना फळ धरायला लागलं आणि शेंड्यात अळी पडली. जुन्या सवयीनं साडूंचा हात फवारणीच्या पंपाकडं गेला. पंप पाठीवर घेऊन ते न्हाणीपर्यंत आलेसुद्धा. तिथून स्वतःच परत फिरले आणि पंप ठेवून आले. मग रोज सकाळी चौघंजण वाकून वाळलेले शेंडे शोधायचे, खुडायचे आणि चुलीत टाकायचे. ओमनं एक अळी काडेपेटीत पाळायला ठेवली होती, तेवढी एक त्यांनी माफ केली. हळूहळू झाडं सुधारली. जांभळी, काटेरी देठांची, बोटांत मावतील एवढी वांगी लागली. साडू संध्याकाळी गोठ्याकडं जायचं निमित्त काढून तिकडं चक्कर मारायचे. ताईनं मला सांगितलं, "माणूस आपल्या कापसाले एवढं पाहत नाही हो, पाव्हणे."

जानेवारीत हिवरा आश्रमाची मोठी पंगत असते. हजारो माणसं एका मोठ्या वावरात ओळीनं बसतात, आणि पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाढत नेतात. वांग्यांचे ढीग तिथं अक्षरशः माणसाच्या उंचीचे असतात. साडूंचा ट्रॅक्टर दरवर्षी वाढायला जातो. स्वरानं ते कुठंतरी ऐकलं आणि जाहीर केलं, "आपली वांगी पण त्या भाजीत घालायची." घरात भरली वांगी करायचा ताईचा बेत होता. तो रद्द झाला. मला आणि माझ्या बायकोला निरोप आला, यायलाच पाहिजे.

आम्ही आदल्या दिवशी पोचलो. वांगी तोडून झाली होती. टोपलं अर्धं भरलं होतं, जेमतेम. मी मागं गेलो तर साडू गोठ्यात काहीतरी लपवत होते. बघतो तर बाजारातून आणलेली वांगी, कट्टा भरून.

"तोंडापर्यंत भरलं पाह्यजे न टोपलं," ते मला हळूच म्हणाले. "अर्धं टोपलं घेऊन जायचं म्हंजे... लोक काय म्हनतीन, साडूभाऊ? मी आजवर तिथं ट्रॉलीशिवाय गेलो नाई."

ते कट्ट्यातून वांगी काढून टोपल्यावर रचत होते, तोवर स्वरा दारात येऊन उभी राहिली. तिनं वरचं एक वांगं उचललं, उलटं-सुलटं पाहिलं, आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही बाजूला.

"आबा, ही आपली नाहीत."

"असू दे न बेटा. वांगे ते वांगेच."

"काऊन पण?" ती म्हणाली. पुण्याची पोरगी 'का' सोडून 'काऊन' म्हणाली, याचंच मला आधी हसू आलं. पण ती पुढं म्हणाली, "आपली कमी आहेत तर कमी आहेत. ही घातली तर मग आपली कोणती, ते मला कळणारच नाही."

साडूंनी टोपल्याकडं पाहिलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं, की मीच नजर वळवली. मग त्यांनी वरचं एकेक वांगं परत कट्ट्यात टाकलं. एकेक, सावकाश. आणि अर्धं टोपलं उचलून ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, मधोमध नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आश्रमात भाजी चिरायला बसलेल्या बायाबापड्यांची रांग कुठं संपते तेच दिसेना. वांग्यांचे डोंगर होते. गावोगावची माणसं पोती उलटी करत होती. त्यांतून वाट काढत साडू पुढं, हातांत अर्धं टोपलं, मागं वैष्णवी आणि स्वरा हात धरून, ओम माझ्या कडेवर. लोक त्यांना ओळखत होते. नमस्कार करत होते, आणि मग टोपल्यात डोकावत होते. साडू मान ताठ करून चालत होते. मी त्यांना पुष्कळ लग्नांत मिरवताना पाहिलंय, पण अशी चाल मी त्यांची पाहिली नव्हती. ढिगाशी एक म्हातारे सेवेकरी होते. त्यांनी दोन्ही हातांनी टोपलं घेतलं, जसं काही त्यात सोनं होतं.

"कोणाच्या वावरातले, बाई?" त्यांनी स्वराला विचारलं.

"न्हाणीमागच्या," स्वरा म्हणाली.

म्हातारे बुवा हसले. साडू हसले नाहीत. ते मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या तिघांच्या वावरातले. यायनंच पिकवले. मी फक्त पानी घातलं." शेजारी एक अनोळखी माणूस वांगी ओतत होता. मला राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, "ते माझे साडू आहेत." त्याला त्याचं काहीच नव्हतं, पण मला ते सांगायचं होतं.

दुपारी पंगतीत बसलो. ट्रॉली येत गेली, पुऱ्या पडत गेल्या, वांग्याची भाजी आली. तीन पोरांनी ताटात हात घालून आपलं वांगं शोधायला सुरुवात केली. "हे आपलं!" "नाही, हे आपलं, याला काटा होता!" ओमला तर ताटातली प्रत्येक फोड आपलीच वाटत होती, आणि तो शेजारच्या अनोळखी आजीला सांगत होता, "खा, आमचं आहे." ती आजी खरंच मन लावून खात होती. साडूंनी त्या दिवशी भाजी पुन्हा घेतली. वाढणाऱ्याला ते म्हणाले, "बारीक फोडी पाहून टाक बाप्पा." मला समजलं, तेही शोधत होते.

मार्चमधे मी गेलो तेव्हा झाडावर एकच वांगं ठेवलं होतं. पिवळं पडलेलं, फुगलेलं, कोणी तोडायचं नाही असा हुकूम. मी विचारलं तर साडू म्हणाले, "ते बियाचं आहे. शाळा सुटली की पोरं जातीन पुण्याले. घर झालं तिकडं." एवढं सांगून त्यांनी विषय बदलला आणि मला हरभऱ्याचं पोतं घेऊन जायला सांगितलं. मी घेतलं. त्यांच्यापुढं नाही म्हणून उपयोग नसतो.

मे महिन्यात पोरं गेली. त्याआधी स्वरा आणि आबांनी ते वांगं फोडलं, बी पाण्यात चोळून धुतलं, सुपात वाळवलं आणि अर्धं अर्धं वाटून घेतलं. ठरलं असं, की जूनमधे दोघांनी एकाच दिवशी बी टाकायचं. आबांनी न्हाणीमागं, तिनं पुण्याच्या बाल्कनीत. मोटार निघाली तेव्हा साडू फाटकापर्यंत आले नाहीत. ताई म्हणाली, वालाचा वाळका वेल काढत बसले होते.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"साडूभाऊ, पोरीचं बी उगवलं. रंगाच्या रिकाम्या बादलीत. तिसऱ्या मजल्यावर."

"आणि तुमचं?"

"आपलं अजून मातीतच आहे. तिनं हरवलं मले. पह्यल्याच पेरनीत हरवलं." त्यांच्या आवाजात मी आजवर त्यांच्या कुठल्याही पिकाबद्दल ऐकला नव्हता असा अभिमान होता. मी काही बोलणार, तेवढ्यात मागं ताईनं काहीतरी विचारलं.

"बरं, ठेवतो," ते म्हणाले. "वाफ्याले तांब्याभर पानी घालाचं राह्यलं."